दुसरी पालखी

रहस्यकथा एकदा वाचणाऱ्याला लोक रसिक म्हणतात आणि तीच दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला विसरभोळा म्हणतात. खुनी कोण हे ज्याला ठाऊक आहे त्याने पुन्हा अडीचशे पानं कशासाठी तुडवायची, असा प्रश्न व्यवहारी माणसांना पडतो. आणि आमच्या घरात व्यवहारी माणसांची वाण कधीच नव्हती. "गेल्या खेपेला ज्यानं मारलं त्यानंच याही खेपेला मारलं का?" असं आमची ही अधूनमधून मला विचारते. प्रश्नात खोच असते, पण प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. खुनी तोच असतो, खून तोच असतो, सुरासुद्धा तोच असतो. तरीही दुसऱ्या खेपेला काहीतरी निराळंच घडतं. ते काय घडतं, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझी मालिका इंग्रजी आहे. चाळीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवल्यावर माणसाला एखादं तरी इंग्रजी व्यसन जडायचंच. लेखकाचं नाव एलिस पीटर्स. नाव पुरुषाचं वाटतं, पण या एडिथ पार्जेटर नावाच्या बाई. जन्म १९१३, मृत्यू १९९५. तरुणपणी त्यांनी औषधांच्या दुकानात नोकरी केली होती, त्यामुळे विष किती आणि कशात घालायचं याचं त्यांचं ज्ञान इतर लेखकांपेक्षा जरा पक्कं होतं. १९७७ ते १९९४ या काळात त्यांनी ब्रदर कॅडफेल नावाच्या एका साधूवर वीस कादंबऱ्या लिहिल्या. काळ बाराव्या शतकाचा. गाव श्रूझबरी, इंग्लंड आणि वेल्स यांच्या सरहद्दीजवळचं. इंग्लंडच्या गादीसाठी स्टीफन आणि मॉड ही आतेमामेभावंडं एकमेकांच्या उरावर बसलेली. आणि या धुमश्चक्रीत आमचा साधू मठाच्या मागच्या बागेत औषधी झाडपाला लावतो, काढे करतो आणि मधूनमधून खुनी शोधतो. तरुणपणी तो धर्मयुद्धात लढून, समुद्रावर भटकून आलेला; उतारवयात मठात भरती झालेला. त्यामुळे त्याला देव जितका ठाऊक तितकीच माणसंही ठाऊक.

तुम्ही म्हणाल, कोडोलीच्या माणसाला या श्रूझबरीचं काय? पण मला ते गाव पहिल्या पानापासून ओळखीचं वाटलं. आमच्या उत्तरेला वारणा वाहते. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज या दोन चुलतभावांनी १७३१ साली जो तह करून राज्य वाटून घेतलं, त्याला नावच मुळी वारणेचा तह असं आहे. एका घराच्या दोन गाद्या, मध्ये नदी, आणि दोन्हीकडच्या लोकांना आज कोणाला मुजरा करायचा याची रोजची पंचाईत. हे ज्याच्या मातीत आहे त्याला स्टीफन आणि मॉड वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. भाऊबंदकी ही काही आपली एकट्याची मिरासदारी नव्हे, एवढाच काय तो त्यातून दिलासा.

ही पुस्तकं मी कोल्हापुरात जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवरून हाताला लागतील तशी घेतली होती. त्यामुळे साधूबुवा मला आधी म्हातारे भेटले आणि मग हळूहळू तरुण होत गेले. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांचे पडदे तपासून बारीक टाइपाला कायमची रजा दिली. पुस्तकं कपाटात गेली. मी दिवसभर कोणाच्या तरी मागे लागून पेपर वाचून घेऊ लागलो. तेव्हा पुण्याचा भाचा आला, त्याने माझ्या फोनमध्ये काही खटपट केली आणि म्हणाला, "मामा, आता कानांनी वाचा." स्टीफन थॉर्न नावाच्या ब्रिटिश नटाचा भारदस्त आवाज कानात शिरला आणि वीस वर्षांपूर्वी मिटलेला मठाचा दरवाजा कुरकुरत उघडला.

एकेक पुस्तक सात-आठ तासांचं. भाचा म्हणाला, "दीडपट वेगानं लावा, लवकर संपतं." जे लवकर संपावंसं वाटतं ते मुळात सुरू कशाला करायचं, हे मला समजत नाही. तरी त्याच्या समाधानासाठी लावून पाहिलं. दीडपट वेगात बाराव्या शतकातला तो गंभीर साधू थेट "कोल्हापूर-कोल्हापूर-कोल्हापूर" ओरडणाऱ्या वडापवाल्यासारखा बोलायला लागला. मी वेग पूर्ववत करून घेतला. माणूस ज्या वेगाने बोलतो त्याच वेगाने तो ऐकावा, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, असं म्हणणारे विद्वान आहेत. त्यांना बहुधा आजी नसावी. आमच्याकडे ऐकणं हा वाचनाचा धाकटा भाऊ कधीच नव्हता, थोरलाच होता. श्रावणात 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लागायचा. एकजण वाचायचा आणि तीस जण ऐकायचे. त्यांतल्या पंचवीस जणांना अक्षर येत नव्हतं, पण कंसाचं पुढे काय होणार हे तीसही जणांना ठाऊक असायचं. शेवट आधीच माहीत होता म्हणून कोणी आरतीच्या ताटात टाकलेला पैसा परत मागितल्याचं ऐकिवात नाही.

कादंबऱ्यांचंही तेच. हरि नारायण आपट्यांची 'उषःकाल' १८९५ पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती, तेव्हा पुढच्या अंकाची वाट पाहणाऱ्यांत वाचणाऱ्यांइतकेच ऐकणारेही असणार. आमच्या घरी थोरले चुलते नाथमाधवांची 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना' ही मालिका कंदिलाच्या उजेडात मोठ्याने वाचत. हे द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजेच नाथमाधव, ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. पुढचं सगळं लेखन त्यांनी अंथरुणावरून केलं. पडून राहिलेल्या माणसाने उभ्या महाराष्ट्राला घोड्यावर बसवलं, असं आमचे चुलते म्हणायचे. ते स्वतः मात्र पक्के लबाड. नायक अंधाऱ्या वाटेवर एकटा सापडला की नेमके तिथेच थांबून तांब्याभर पाणी प्यायचे. त्या पाण्याच्या घोटाघोटाला आमचे प्राण कंठाशी यायचे. फोनवरच्या नटाला हे जमत नाही. तो पाणी पितो की नाही तेही कळत नाही.

आणि आणखी एक परंपरा होती. गोविंद नारायणशास्त्री दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना असं काही मराठी आंगडं-टोपडं चढवलं, की 'कालिकामूर्ती' वाचणाऱ्याला त्यामागे कोणी साहेब आहे हा संशयसुद्धा येऊ नये. आता दातारशास्त्र्यांचं नाव घेऊन मी जे करतो ते करणं म्हणजे मोठाच वडिलोपार्जित गुन्हा आहे. पण करतो खरा. दुपारी मी फोनवर ऐकतो आणि संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर सांगतो. म्हणजे भाच्याने मला बोलकं पुस्तक दिलं आणि मी गावाला.

कट्ट्यावर श्रोते ठरलेले. एक निवृत्त फौजदार. एक कंपाउंडर, ज्यांनी उभी हयात मिशनच्या दवाखान्यात बाटल्या भरण्यात घालवली. कारखान्याला ऊस घालणारे दोघे-तिघे, जे बिलाच्या तारखेपर्यंत कुठल्याही शतकात रमायला तयार असतात. पहिल्याच दिवशी मी "एक पाद्री होता" अशी सुरुवात केली, तर कंपाउंडरांनी अडवलं. "पाद्री नव्हं सर, मंक. आमच्यात मंक नसतात." कोडोलीला मिशन नवं नाही, त्यामुळे अशा बाबतीत इथे कोणी काहीही खपवून घेत नाही. शेवटी सर्वानुमते 'कॅडफेलबुवा' असं नामकरण झालं. मठ तसाच राहिला. इन्फर्मरीचा दवाखाना झाला आणि शेरीफचा, फौजदारांच्या आग्रहास्तव, फौजदार झाला.

मालिकेतलं दुसरं पुस्तक १९७९ सालचं. १९३८ नव्हे, ११३८ सालची गोष्ट. स्टीफन राजाने श्रूझबरीचा किल्ला घेतला आणि आतल्या शिबंदीला सरसकट फासावर चढवलं. हा भाग इतिहासातला. कादंबरीत या फाशी दिलेल्यांचा आकडा आहे चौऱ्याण्णव. प्रेतांना निदान माती तरी नीट मिळावी म्हणून कॅडफेलबुवा पुढे होतात, एकेक प्रेत सरळ करतात, मोजतात. आणि मोजणी पंच्याण्णव भरते. एक प्रेत जास्त. चौऱ्याण्णवांच्या गर्दीत कोणीतरी आपला एक खपवलेला. बुवा राजापुढे जाऊन उभे राहतात आणि त्या एकाची चौकशी मागतात.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा कधी एकदा पंच्याण्णवावा कोण ते कळतं असं झालं होतं. पानं भराभर उलटली. डोळा मोठा लबाड असतो. नको तो परिच्छेद आला की अल्लद उडी मारतो. कानाला उडी मारता येत नाही. फोनवर पुढे ढकलायचं बटण आहे म्हणतात, पण माझं बोट नेहमी भलत्याच बटणावर पडतं आणि गोष्टीऐवजी मेव्हण्याला फोन लागतो. म्हणून मी बसून राहिलो. त्या नटाने एकेक प्रेत सरळ केलं, तितक्या वेळा मला तिथे थांबावं लागलं. आणि यावेळी मला खुनी ठाऊक असल्यामुळे डोकं मोकळं होतं. मोकळ्या डोक्यात एक वेगळाच प्रश्न आला. पंच्याण्णवाव्याला न्याय मिळाला. पण मग आधीच्या चौऱ्याण्णवांचं काय? त्यांचा खुनी तर शोधावाही लागत नव्हता. तो सिंहासनावरच बसलेला होता. एकाला मारलं तर खून आणि चौऱ्याण्णवांना मारलं तर विजय, हा हिशेब कुठल्या वहीत बसतो?

कट्ट्यावर मी हे बोललो तर फौजदार म्हणाले, "सर, लढाईचं कलम निराळं." कलम निराळं असतं हे खरं. पण मरणाराला ते वाचून दाखवत नाहीत.

इथे मला आमचा पन्हाळा आठवला. आम्हा कोडोलीकरांना पन्हाळा म्हणजे तालुका. बाहेरचे लोक तिथे इतिहास पाहायला जातात आणि आम्ही कागदावर शिक्का मारायला जातो. तरी १६६० सालची गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला बाळघुटीबरोबर पाजलेली असते. सिद्दी जौहरचा चार महिने वेढा. आषाढातली पावसाची रात्र, १२ जुलै. दोन पालख्या निघतात. एक महाराजांची, विशाळगडाच्या वाटेने. दुसरी वेगळ्या वाटेने, आणि तिच्यात महाराजांचा वेष घेऊन बसलेला, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचा शिवा काशिद. दुसरी पालखी शत्रूच्या हाती लागते, ओळख पटते आणि शिवा मारला जातो. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहतात आणि महाराज गडावर पोहोचतात.

ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेल. शाळेत सांगितली, पोवाड्यांतून ऐकली, गॅदरिंगला पोरांकडून करवून घेतली. त्यात दरवर्षी पालखीची एक दांडी मोडायचीच. शेवट ठाऊक असूनही अंगावर काटा यायचा राहत नाही. पण काटा येण्याची जागा वयाप्रमाणे बदलते. लहानपणी आपण पहिल्या पालखीबरोबर धावत असतो. पोहोचतील का? तोफा कधी होतील? जीव खिंडीत अडकलेला. दुसरी पालखी वाटेत कधी मागे पडली याचं भान नसतं. पण ज्याला महाराज पोहोचणार हे पक्कं ठाऊक आहे त्याला धावायची घाई उरत नाही. मग तो थांबतो, आणि नकळत दुसऱ्या पालखीत जाऊन बसतो. पावसात, अंधारात, पुढे काय होणार हे पक्कं ठाऊक असलेल्या एका माणसाशेजारी. त्या रात्री पालखीत बसताना शेवट माहीत असलेला बहुधा तो एकटाच होता. आपल्याला तो दुसऱ्या खेपेला कळतो.

तेव्हा दुसऱ्यांदा ऐकण्यात जे निराळं घडतं ते हे. पहिल्या खेपेला 'कोण?' हा एकच प्रश्न एवढी जागा अडवतो की दुसऱ्या प्रश्नांना बसायला सतरंजी उरत नाही. उत्तर कळलं की तो उठून जातो, आणि मागे दाराशी ताटकळलेले प्रश्न आत येतात.

ते प्रश्न कोणते, हे मला तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी कळलं. आणि तेही माझ्या हुशारीने नव्हे.

तिसरं पुस्तक १९८० चं. यात विष आहे बचनागाचं. कॅडफेलबुवांनी स्वतःच म्हाताऱ्यांच्या सांध्यांना चोळायला केलेलं तेल कोणीतरी एका जमीनदाराच्या जेवणात घालतं. बचनाग म्हटल्यावर कंपाउंडर सरसावले. "बाहेरून चोळला तर सांधे मोकळे, पोटात गेला तर माणूसच मोकळा," असा त्यांनी खुलासा केला. आता दुसऱ्यांदा ऐकताना मला खुनी पहिल्यापासून ठाऊक. नाव सांगत नाही. रहस्यकथेच्या धर्मात ते पाप आहे. एवढंच सांगतो की भांडण जमिनीचं आहे आणि मारणारा राक्षस नाही. तो दवाखान्यात एका आजारी म्हाताऱ्याचं अंग हलक्या हाताने चोळून देतो. पहिल्या वाचनात हे आपल्या ध्यानातही राहत नाही, किंवा राहिलं तर पुरावा म्हणून राहतं. ऐकताना, ठाऊक असताना, त्या हाताची माया खरी आहे हे कळतं. तोच हात, तेच तेल. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी सुखाने राहत होत्या, आणि याची भीती कुठल्याही सुऱ्यापेक्षा जास्त वाटते.

शेवटी तो सापडतो. एकांतात, बुवांच्या हाती. आणि बुवा त्याला धरून देत नाहीत. निरपराध माणूस अडकू नये म्हणून गुन्हा कबूल केल्याचं लिहून द्यायला लावतात, आणि शिक्षा देतात ती जगण्याची. जग, खूप वर्षं जग, आणि जमेल तेवढं इतरांचं भलं कर. एवढं बोलून त्याला जाऊ देतात.

कट्ट्यावर गदारोळ झाला. फौजदार ताडकन उठले. "हा अधिकार त्या बुवाला दिला कुणी? आरोपी पळवून लावला म्हणून बुवाला आत घेतला पाहिजे!" कंपाउंडर पश्चात्तापाबद्दल काही बोलू लागले. ऊसवाल्यांपैकी एकाचं म्हणणं, जमिनीचा वाद असेल तर आधी मोजणी आणायला हवी होती.

कट्ट्याच्या टोकाला, नळाजवळ एकजण बसतो. कधी बोलत नाही. पंचविसेक वर्षांपूर्वी बांधावरून मारामारी झाली, कोयता चालला, आणि याच्या हातून भावकीतलाच एक तरणा माणूस गेला. शिक्षा झाली, ती भोगून तो परत आला. आता मोटारी भरून देतो. हात चांगला आहे. शेतावरची मोटार जळली की गाव त्याच्याकडे जातं. घरात लग्न निघालं की पत्रिका त्याच्या दारावरून पुढे जाते. मी गोष्ट सांगायला लागलो तेव्हा तो तिथे आहे हे माझ्या ध्यानात होतं. सांगावी की नाही असंही एकदा मनात आलं. पण एका माणसाला पाहून गोष्ट बदलायची म्हणजे त्याला पुन्हा एकदा वेगळा काढून बसवायचं. म्हणून आहे तशी सांगितली.

गदारोळ शमल्यावर तो म्हणाला, "सर, त्यो म्होरं काय झाला?"

"म्हणजे?"

"जग म्हणला न्हवं बुवा. मग जगला का? काय काम केलं त्यानं? लोकांनी करून दिलं का?"

पुस्तकात हे नाही. तो डोंगरात निघून जातो आणि पुस्तक आपल्या उरलेल्या कामांकडे वळतं. खरं म्हणजे वीसच्या वीस कादंबऱ्यांत जे रहस्य बाईंनी उलगडलेलं नाही ते हेच. आणि मी दोन्ही खेपांना ते विचारलं नव्हतं. विचारायला ते ज्याला उत्तर हवं असा माणूस लागतो. मी म्हणालो, "लिहिलेलं नाही." त्याने मान हलवली. जणू असंच असणार हे त्याला ठाऊक होतं.

गोष्ट इथे थांबली असती तर मी तुम्हाला क्षमेवर दोन गोड परिच्छेद लिहून दिले असते. पण ज्याचा जीव गेला त्याची आई हयात आहे. रोज दिवेलागणीला ती मारुतीपुढे वात लावायला येते. ती गाभाऱ्यातून सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी मला एकट्याला गाठून म्हणाली, "गुर्जी, त्या गोष्टीत मेला, त्येचं नाव काय हो?"

दातारशास्त्र्यांच्या परंपरेला जागून मी गोष्टीत त्याला नुसताच 'इनामदार' केला होता. मी नाव सांगितलं. जर्व्हेस बोनेल.

"आणि त्येला कोण होतं?"

एक बायको होती, म्हणालो. तिचा पहिल्या घरचा मुलगा. गुरंढोरं, जमीन.

"आई?"

तेही लिहिलेलं नाही.

रहस्यकथेत जो मरतो तो बहुतेक वेळा मरण्यासाठीच जन्माला घातलेला असतो. हा बोनेलही तसा तापट, हेकट. गेला म्हणून वाचकाच्या डोळ्यांत पाणी येऊ नये, अशी बाईंनी सोय करून ठेवलेली. म्हणून तर बुवांनी खुन्याला सोडलं तरी आपल्याला बरं वाटतं. पण ते बरं वाटणं स्वस्त आहे. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दक्षिणा देणं. पुण्य आपल्याला आणि खिसा त्याचा.

बरं, नुसता त्या माउलीचाच प्रश्न धरून बसावं, तर नळाजवळच्या माणसाच्या पुस्तकाचं एकच पान आपण जन्मभर वाचत बसणार. गावात प्रत्येकाचं शेवटचं पान प्रत्येकाला पाठ असतं. गोम अशी की ते शेवटचं नसतं. माणूस जिवंत आहे तोवर पुस्तक चालू आहे. पुढची पानं आपण ऐकत नाही, किंवा दीडपट वेगाने ऐकतो, एवढंच.

तेव्हा म्हाताऱ्याचा सल्ला विचाराल तर मी एवढंच म्हणेन: दोन प्रश्न आहेत आणि ते दोन्ही एकाच तोंडाने विचारता आले पाहिजेत. मारणाऱ्याचं पुढे काय झालं? आणि मेला त्याचं नाव काय? जो फक्त पहिला विचारतो तो फुकटचा उदार होतो. जो फक्त दुसरा विचारतो तो सूडाशिवाय कुठे पोहोचत नाही. आणि 'कोणी मारलं?' एवढंच विचारून पुस्तक मिटणारा मनुष्य सज्जन असतो, कायदा पाळतो, पण पहिल्या पालखीतून खाली उतरत नाही. कॅडफेलबुवांनी दोन्ही विचारले का? माझ्या मते पहिला पुरा विचारला, दुसरा अर्धाच. पण त्यांनी निदान प्रेतं मोजली होती. चौऱ्याण्णवांत एक जास्त आहे हे कळायला आधी चौऱ्याण्णवही एकेक करून मोजावे लागतात. बहुतेक जण अंदाजाने शंभर म्हणून मोकळे होतात.

कोडोलीत यामुळे काही क्रांती झाली असं समजू नका. माउली अजून नळाच्या बाजूने जात नाही. वळसा घालूनच देवळात येते. मोटारवाला कट्ट्याच्या टोकालाच बसतो. एवढंच झालं की परवा कंपाउंडरांच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका त्याच्या घरी गेली, आणि ती द्यायला जाण्याआधी कंपाउंडर त्या माउलीच्या घरी जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही. काही रहस्यं कट्ट्यावर आणायची नसतात.

आता चौथं पुस्तक सुरू आहे. फौजदारांनी पहिल्याच संध्याकाळी मला बाजूला घेऊन बजावलं, "सर, काय वाटेल ते करा, पण या भागात तरी रीतसर अटक होऊ दे." काय होणार ते मला ठाऊक आहे. पण मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.